निळं टोक

आमच्या कपाटात न वाचलेल्या पुस्तकांचा एक कप्पा आहे आणि माझा नवरा त्याला अनुशेष म्हणतो. पाहुण्यांसमोरही म्हणतो. "हिचा अनुशेष बघितलात का?" असं विचारून कपाटाचं दार उघडतो आणि मी हसते, कारण दुसरं काय करणार. कप्प्यात अकरा पुस्तकं आहेत. अकराही माझ्या दादाने पाठवलेली, दर वाढदिवसाला एक. आणि अकराही पुस्तकांबद्दल मी त्याला फोनवर सांगितलंय, वाचलं, आवडलं.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांवर मेण चढवून एकेक दात बसवते. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी डोळ्यांत जीव राहत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. त्याच डोळ्यांनी मालिका मात्र बघत होते. यंदा हात थरथरायला लागला, दात केसभर वाकडा बसायला लागला, तेव्हा मालकीणबाईंनी न बोलता मला अर्ध्या दिवसावर आणलं. दुपारी घरी बसून मी भिंतींकडे बघायचे. "आता तरी अनुशेष काढ," नवरा म्हणाला. मी चिडून उठले आणि सगळ्यात जुनं पुस्तक काढलं.

पहिल्याच पानावर कडेला लाल अक्षरं होती. ती असणार हे मला माहीत होतं, आणि खरं तर म्हणूनच इतकी वर्षं मी पुस्तकं उघडली नव्हती.

लहानपणी आमच्या घरी एका वेळी एकच पुस्तक यायचं. पहिलं कोणी वाचायचं यावरून दादा आणि मी एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. शेवटी बाबांनी कचेरीतून एक पेन्सिल आणून दिली, एक टोक लाल, एक निळं. दादाने आधी वाचायचं आणि कडेला लाल लिहायचं, मग मी वाचून निळं उत्तर द्यायचं, मग पुस्तक पुन्हा त्याच्याकडे. त्यात पुस्तकाबद्दल थोडं आणि बाबांच्या घोरण्याबद्दल जास्त असायचं. म्हणून एक नियम पडला: कडेला लिहिलेलं तोंडाने बोलायचं नाही. आईने कान पिळला तरी आम्ही तो मोडला नाही. लग्नं झाली, गावं वेगळी झाली, तरी पुस्तकं टपालाने जात-येत राहिली. मी उत्तर लिहून परत पाठवलं की दादा ते आपल्या फळीवर ठेवायचा. मग मला मुलगी झाली, कामं वाढली, माझं निळं विरळ होत गेलं आणि एका वर्षी पुस्तक परत गेलंच नाही. दादाने नियमाप्रमाणे काही विचारलं नाही.

पहिली दोन पुस्तकं मी पंधरा दिवसांत वाचली. वाचताना हसू यायचं. "हा मास्तर तुझ्या नवऱ्यासारखा चालतो." "ठमे, इथे रडलीस ना? खरं सांग." दहा-अकरा वर्षांपूर्वीचे प्रश्न. मी पेन्सिलीला टोक काढून उत्तरं लिहायला बसले, तसा नवरा आत येऊन बघून गेला.

तिसरं पुस्तक वहिनी गेली त्या वर्षीचं. वहिनी गेली तेव्हा मी आठवडाभर दादाकडे राहून आले होते आणि निघताना दारात म्हणाले होते, काही लागलं तर सांग. दारात सगळेच म्हणतात. चार महिन्यांनी हे पुस्तक आलं. एकशे अकरा पानांपर्यंत कडा कोऱ्या होत्या. एकशे बाराव्या पानावर वरपासून खालपर्यंत लाल होतं.

"या घरात एकट्याला झोप लागत नाही. दोन-चार महिने तुझ्याकडे येऊ का? फोनवर विचारलं तर तुला नाही म्हणता येणार नाही, म्हणून इथे विचारतोय. हो असेल तर निळ्याने लिहून पाठव. नसेल तर काहीच लिहू नकोस. मला कळेल, आणि राग येणार नाही."

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन वाचलं. तेच होतं.

त्या वाढदिवसानंतर त्याचा फोन आला होता. "वाचलंस?" आणि मी म्हणाले होते, "हो तर. आवडलं." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बरं." पुढे सहा महिन्यांत त्याने घर सोडलं आणि एकट्या माणसांच्या वसतिगृहात खोली घेतली. मी नवऱ्याजवळ किती बडबडले होते, दादा पहिल्यापासून घुमा, त्याला माणसं नको असतात. आमच्याकडे यायचा तो सकाळी आणि संध्याकाळी पिशवी उचलून चालू पडायचा. राहा म्हटलं की हसायचा. मला वाटायचं, त्यालाच राहायचं नाही.

उरलेली आठ पुस्तकं मी तिथेच जमिनीवर बसून चाळली. एकातही लाल रेघ नव्हती.

"फोन कर," नवरा म्हणाला.

"काय सांगू? वाचलं होतं म्हटलं तर मी त्याला दाराबाहेर ठेवला. वाचलं नव्हतं म्हटलं तर इतकी वर्षं खोटं बोलले. यातलं कुठलं कमी वाईट, ते तुम्हीच सांगा."

तो म्हणाला, "मुलीची खोली रिकामीच आहे." ते मलाही माहीत होतं. मी लालच्या खाली निळ्याने लिहिलं, "हो. ये. कधीही ये."

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून बसने गेले. दादाच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीखाली फळी. फळीवर आमची दोन रंगांची जुनी पुस्तकं ओळीने होती आणि त्यांच्यापुढे हातभर जागा मोकळी. बाकी खोलीत कपडे ठेवायलाही जागा नव्हती, शर्ट खुर्चीच्या पाठीवर होते.

"ठमे? आज कशी काय?" तो म्हणाला.

मी पुस्तक पुढे केलं. त्याने चष्मा शोधला, लावला. पान शोधावं लागलं नाही, त्याला ते पाठ होतं. त्याने निळं वाचलं आणि बोटाने हलकेच पुसून पाहिलं. बोटाला रंग लागला.

"हे आत्ताचं आहे."

"कालचं," मी म्हणाले. "मी आत्ताच वाचलं, दादा. तेव्हा उघडलंच नव्हतं. एकही उघडलं नव्हतं."

नियम मी मोडला होता.

"इथले लोक विचारायचे," तो म्हणाला, "बहीण आहे ना, मग तिच्याकडे का नाही जात? मी सांगायचो, तिच्याकडे जागा नाही, घर लहान आहे, अडचण आहे. आठ वर्षं तुझी बाजू घेत आलो गं मी."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, धीर द्यायला. पण त्याला पेन्सिल हवी होती. मी पर्समधून काढून दिली. लाल टोकाने त्याने सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि पुस्तक माझ्यासमोर धरलं.

"आता इथली सवय झाली. रात्री कोणीतरी पलीकडे खोकतं, तेवढ्यावर झोप लागते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार. त्याने पुस्तक फळीवरच्या मोकळ्या जागेत ठेवलं. ते आडवं पडलं, म्हणून पुन्हा नीट उभं केलं.

"अजून किती राहिलीत?" त्याने विचारलं.

"आठ. त्यांत तू काही लिहिलेलं नाहीस. मी बघितलं."

दादाने चष्मा काढला. "बघितलंस की वाचलंस?"

"बघितलं," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.