खंडेनवमीला राहिलेली डावी बाजू

आमच्या यजमानांना, म्हणजे हंबीररावांना, बायको प्यारी की लॉरी हे विचारू नका. उत्तर द्यायला ते वेळ घेतील आणि तेवढ्यानं मला जे कळायचं ते कळेल.

तशी ती लॉरीही साधीसुधी नाही. बेंगळूरच्या येलहंक्यातल्या आमच्या आळीच्या अंबाबाईची पालखी दसऱ्याला तिच्यावरच निघते, सासऱ्यांच्या वेळेपासून. मागच्या दसऱ्याला मात्र मागचा फाळका जोरात आपटला आणि गंजाचे पोपडे थेट देवीच्या हारावर पडले. देवळाचे कारभारी व्यंकोजी तेव्हा गप्प बसले. यंदा घट बसायच्या आधी घरी आले, कॉफी प्याले आणि म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणाची नवी गाडी बघतोय. यांचा चेहरा असा उतरला की मलाच भडभडून आलं. खूप विनवण्या केल्यावर व्यंकोजींनी एवढंच कबूल केलं, की दसऱ्याच्या सकाळी येऊन गाडीवर हात फिरवीन. हाताला गंज लागला तर देवी दुसऱ्या गाडीत.

शिवाजीनगरच्या गॅरेजवाल्यांनी नवरात्र संपेपर्यंत जागा नाही म्हणून हात वर केले. या दिवसांत अख्ख्या बेंगळूरला गाड्या रंगवायच्या असतात. मग लॉरी आमच्याच दारात उभी राहिली आणि हे तारेचा ब्रश घेऊन तिच्याशी झुंजायला बसले. वरून टिकलीएवढा दिसणारा डाग खरवडला, तर ब्रश पत्र्यातून आरपार गेला. आतून सगळा पापड झाला होता. मी खिडकीतून म्हटलं की बरं झालं, आता यातून समोरचं देऊळ दिसतंय, दर्शन इथूनच घेता येईल. यांना हसू आलं नाही.

सडका भाग कापून त्यांनी नवा पत्रा रिव्हेट मारून बसवला, खाचाखोचांत लांबीची पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासून घासून अंगठ्याची सालटं काढली, आणि वर गंज धरू नये म्हणून लाल प्रायमरचा हात दिला. सून रक्षिता ऑफिसातून आली की पाण्याची बादली धरून उभी राहायची. घरभर केरोसीनचा वास, पोळीलासुद्धा तोच. अष्टमीच्या संध्याकाळी गाडीचं तोंड, फाळका आणि उजवी बाजू निळीशार झाली. डावी बाजू तेवढी लाल राहिली. ती उद्या दुपारी उरकतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आनंदाच्या भरात हे पहाटेच उठले. पाने, हातोडी, तारेचा ब्रश, रंगाचे झाडून सगळे ब्रश स्वच्छ धुऊन देव्हाऱ्यापुढं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, कोहळा फोडला. लॉरीची पूजा आमच्याकडे देवी तिच्यावर बसली की मगच, म्हणून ती बाहेर. पोटभर पुरणपोळ्या खाऊन हे हात धुवायला उठले आणि मोरीतच उभे राहिले.

पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलायचं नाही, आणि ज्याचं हत्यार त्यानंही त्या दिवशी काम करायचं नाही, हा आमच्या घराचा नेम. एक ब्रश बाहेर ठेवायचं या शहाण्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुकानं पूजा करून बंद. शेजाऱ्यांचे ब्रश त्यांच्या देवापुढं. आणि रंग रात्रभर वाळायला हवा होता.

मी चांगलीच तापले. देवीसाठीच तर आहे, उचला एक ब्रश, म्हटलं.

"देवीचा नेम मोडून देवीची गाडी रंगवू?" एवढंच बोलून हे पायरीवर जाऊन बसले. डोळे भरले होते. या माणसावर चिडणं फार सोपं आहे, पण त्याला रडताना मला बघवत नाही.

मी आत गेले, एक जुनं मऊ लुगडं टराटरा फाडलं, पदर खोचला आणि रंगाचा डबा उघडला. हे घाबरून उभे राहिले.

"मला काही तुम्ही पूजेला बसवलं नाही," मी म्हटलं. "माझे हात मोकळे आहेत."

हे पुन्हा पायरीवर टेकले. मी आणि रक्षितानं चिंध्यांचे बोळे केले आणि रंग फासायला लागलो. हे पायरीवरून सांगत होते, वरून खाली ओढ, स्वल्प पातळ कर, तिकडं ओघळ आला बघ. मी काही एक ऐकलं नाही. थालीपीठ थापावं तसा रंग थापला, बोळा जाईना तिथं बोटांनी भरला. दिवेलागणीला कोपरापर्यंत निळी झाले होते. उजवी बाजू आरशासारखी गुळगुळीत, आणि डावीवर आमच्या हातांचे फेर स्पष्ट दिसत होते. मला मनातून लाज वाटली.

सकाळी व्यंकोजी पांढरंशुभ्र धोतर नेसून आले आणि नेमके डावीकडेच गेले. पत्र्यावरून, खाचांतून, फाळक्याच्या कडेनं हात फिरवला. मग तळवा उन्हात धरला. तो निळा झाला होता. खाचेतला रंग अजून ओला होता.

"हे कुणी रंगवलं?" त्यांनी विचारलं.

घाईत बायकांनी काहीतरी केलं, असं आता हे म्हणणार, याची मला खात्रीच होती. हे पुढं झाले आणि माझ्याकडं बोट केलं.

"सोयरानं. हातानं रंगवलंय."

व्यंकोजींनी तळवा पुन्हा एकदा निरखला. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "निळा लागला, गंज नाही लागला. देवी याच गाडीत बसेल, अण्णा." आणि सवयीनं हात धोतराला पुसला. मग मात्र सगळे हसले, तेही हसले.

दरवर्षी मी बायकांबरोबर मागून चालते. यंदा डावीकडून चालले. भरल्या डोळ्यांना वाट नीट दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. चौकाचौकात लॉरी थांबवून हे खिडकीतून डोकं काढत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, तिकडून येऊन डावी बाजू बघा. उजवी काय, ब्रशनं कुणीही रंगवेल.