दानम्माच्या माळावरची वाईन

“काढ ही येलं, न्हायतर जेसीबी घालतो!” शिवय्यानं बांधावरनंच दम भरला.

दानम्मानं खुरपं थांबवलं नाही. नवरा गेल्यावर ह्याच थोरल्या दिरानं नदीकाठचं काळं रान आपल्याकडं ठेवलं आणि तिच्या वाट्याला हा माळ दिला. वर वीतभर तांबडी माती, खाली नुसता मुरूम. उसाचं कांडं धरत नव्हतं तिथं तिनं वाईनची द्राक्षं लावली. तवापासनं शिवय्याचं डोकं फिरलेलं. त्यात औंदा पुरात त्याचा ऊस कुजला. सातबारा अजून दोघांच्या नावावर, त्या जोरावर रोज येऊन गुरगुरायचा.

“आपुन लिंगायत, गळ्यात लिंग आन् रानात दारू! बाप वर काय म्हणत आसंल?”

“म्हणत आसंल, थोरल्यानं भावजयीला खडकावर बसवलं.”

एवढ्यात वाईन कारखान्याची जीप आली. क्रांती उतरली. मुडशिंगीची पोरगी, कारखान्यात चव बघायच्या नोकरीला. उन्हाळ्यात दिलेल्या द्राक्षांची पहिली बाटली घेऊन आली होती. चव जमली तर दहा वर्षांचा करार, नाहीतर माल कोण हुंगणार नव्हतं.

क्रांतीनं वाईन पेल्यात ओतली. काळीजांभळी, दाट. वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि पच्चकन मातीत थुंकली.

शिवय्या मांडी थोपटून हसला. “थुकली की! झालं तुझं सोनं!”

दानम्माच्या कानशिलात जाळ उठला. “ए पोरी, माझ्या रानात थुकतीस?”

“काकू, दिवसाला तीस घोट चाखतो आम्ही. समदं गिळलं तर घरला कोण न्हेणार मला? तुमी घ्या की, बघा.”

दानम्मानं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. तिनं पेला हिसकून घेतला आणि दिराच्या तोंडावर बघत घोट घेतला. हिरड्या आवळल्या. कच्च्या जांभळासारखी जीभ तुरट झाली, मग छातीत ऊब उतरली.

“वाईन कवळी हाय अजून, म्हणून चावती,” क्रांती म्हणाली. “पर आशी दांडगी औंदा एकाबी बागेतनं निघाली न्हाय. मुरमाची करामत. काळ्या रानातली द्राक्षं पाणचट हुत्यात. करार आणलाय मी.”

शिवय्याचं हसू विरलं. तो बांध उतरून खाली आला. “करारावर माझंबी नाव पायजे. सातबारा दोघांचा हाय.”

“व्हय की, भावजी.” दानम्मानं पेला काठोकाठ भरून त्याच्यापुढं धरला. “नाव पायजे तर प्या.”

दानम्माबरोबर खुरपायला आलेल्या बाया खुरपी टाकून बघत उभ्या राहिल्या. शिवय्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत ढकललं आणि पेला तोंडाला लावला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. पण थेंब सांडला नाही.

बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. दानम्मा हसली नाही.

“अर्धं नाव तुमचं,” ती म्हणाली. “मग अर्धी छाटणीबी तुमची. उद्या सातला या. कात्री घरची आणा.”