मिसेस रोझारिओंचा चहा

“आय वुड लव्ह टू,” दिनकर म्हणाला. “आता तू म्हण. आणि वाक्य संपलं की गप्प बसायचं. ‘कशाला उगाच’ नाही, ‘तुम्हाला त्रास’ नाही.”

“लगेच हो म्हणायचं? हावरटासारखं?”

“मग बस वरच. त्या उद्या चालल्या पर्थला, मुलीकडे. कायमच्या.”

शकुनने कणीक झाकून ठेवली. सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस रोझारिओंनी तिला चहाला बोलावलं होतं. शकुन हसून “नो, नो, थँक यू” म्हणाली होती. सोलापुरात कोणीही असंच म्हणालं असतं. मग समोरची हात धरते, “असं कसं, यायचंच,” म्हणते, आणि आपण जातो. मिसेस रोझारिओंनी हात धरला नाही. “ऑफ कोर्स, डिअर,” म्हणून त्या खाली उतरून गेल्या.

“पुन्हा विचारतील,” शकुन म्हणाली.

“नाही विचारणार. नको म्हटलेल्याला आग्रह करणं त्यांच्यात असभ्य.”

“बँकेत बसून फार शहाणे झालात हो!”

दिनकरची बदली होऊन ती दोघं इलियट रोडवरच्या या घरात आली, त्याच पावसाळ्यात शकुनला टायफॉइड झाला. तिला बंगाली येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. तापाच्या दिवसांत खालून बार्लीचं पाणी यायचं. मिसेस रोझारिओ ते स्वतः घेऊन यायच्या आणि ती पिऊन संपवेपर्यंत उशाशी बसायच्या.

शकुनने साडी बदलली आणि ती खाली गेली. दार उघडंच होतं.

“आय सेड नो,” ती म्हणाली. यापुढचं दिनकरने शिकवलं नव्हतं. “माय पीपल से नो फर्स्ट. आय वॉन्टेड टू कम.”

मिसेस रोझारिओ दारापर्यंत आल्या.

“अँड आय थॉट यू वर अँग्री विथ मी,” त्या म्हणाल्या. “फॉर गोइंग.”

खुर्च्या दुपारीच लिलाववाल्याने नेल्या होत्या. दोघी फरशीवर, भिंतीला टेकून बसल्या. केकची बशी पुढे आली. शकुनने पहिल्याच वेळी तुकडा उचलला. तिचे कान तापले. मिसेस रोझारिओंना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पर्थला मुलीच्या घरामागे असलेल्या लिंबाच्या झाडाबद्दल त्या सांगत होत्या.

अंधार पडू लागला तेव्हा मिसेस रोझारिओंना फरशीवरून उठता येईना. गुडघे आखडले होते. त्यांनी काही न विचारता शकुनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. शकुन हलली नाही. त्या उभ्या राहिल्या, तरी हात काही वेळ तिथेच होता.