पालिंबोंगच्या खिशातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी निळी प्रवासी गाडी आहे. तोराजाच्या डोंगरात एका घरामागे उभी आहे आणि आता उभीच राहणार आहे.

माझा मालक पालिंबोंग. रांतेपाओच्या बाजाराला जाणारी माणसं, डुकरं, कॉफीची पोती, सगळं मी वीस वर्षं वाहिलं. माझ्या किल्लीत एक बारीकशी चिप होती. तिची ओळख पटली तरच माझं इंजिन चाले. पालिंबोंगला याचा केवढा तोरा! हिला चोरच काय, भूतसुद्धा पळवू शकणार नाही, असं तो उतारूंना ऐकवायचा. तशा किल्ल्या दोन होत्या. एक त्याने भातखाचरात हरवली. हसं होईल म्हणून त्याने बाजारातून गुपचूप साधी किल्ली कापून आणली आणि खुंटीला लावली. ती फक्त दार उघडायची. हे त्याला ठाऊक होतं आणि मला.

मग तो वारला. आमच्याकडे मोठा विधी होईपर्यंत माणूस मेला असं म्हणत नाहीत. तो आजारी असतो, आणि देह टिकवायची औषधं लावून त्याला घरातच ठेवतात. दीड वर्ष त्याच्यापुढे रोज कॉफी ठेवली जात होती. त्याची मुलगी तासिक मला चालवू लागली. सकाळी ती त्याच्या उशाची किल्ली उचलायची, "बाबा, गाडी नेते" म्हणायची आणि संध्याकाळी परत ठेवायची. तिचं आणि आईचं पोट माझ्यावरच होतं.

डिसेंबरात रेडे कापून थाटात निरोप झाला. बाबांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तासिकनेच किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. दुसरी खुंटीला आहेच, असं तिला वाटलं. कड्यात कोरलेल्या थडग्याचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी सुरू झाले आणि लगेच बंद पडले. लायुक मेकॅनिकने किल्ली उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ही नुसतं दार उघडते. इंजिन हिला ओळखत नाही."

कंपनीच्या दुकानाने फोनवर सांगितलं, की नवी किल्ली ओळखीची करायलाही जुनी लागते. तासिक काकांकडे गेली.

"भावाला आत्ता कुठे पोचवलंय. मधेच दार उघडलं तर घरावर संकट येईल," काका म्हणाले. "भात कापून होऊ दे."

"तोवर उतारू माझी वाट बघत बसतील का, काका?"

उतारू दुसऱ्याच्या गाडीत बसू लागले. फेब्रुवारीत तासिकचा धीर सुटला. तिच्या सांगण्यावरून लायुकने माझ्या तारा कापून मला फसवून पाहिलं आणि किल्ली ओळखणारी माझी पेटीच जळाली. तशी दुसरी कुठे मिळाली नाही.

भात कापून झालं आणि ऑगस्टमध्ये थडगं उघडलं. गेलेल्यांना बाहेर काढून नवे कपडे घालायचा तो दिवस. तासिक खरी किल्ली घेऊन धावत आली. वेडी आशा, दुसरं काय! तिने किल्ली फिरवली. मित्रांनो, मला फार रडू आलं, पण इंजिन हललं नाही. मग जाऊन तिने किल्ली बाबांच्या नव्या सदऱ्याच्या खिशात घातली.

"घ्या बाबा. आता गाडी नेणार नाही."

मित्रांनो, खुंटीवरची किल्ली एकदा फिरवून बघत जा, आणि लाजेपोटी घरच्यांपासून काही लपवू नका. माझ्या सीटवर आता कोंबड्या बसतात. अंडी काढायला तासिक रोज सकाळी त्या साध्या किल्लीने माझं दार उघडते.