सात नंबरची आग

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. लग्नात मी "हो" म्हणालो, तेव्हा माझ्या बायकोनंसुद्धा पाद्रीबाबांकडे वळून विचारलं होतं, "हा खरंच बोलतोय ना?"

"कौकोकाका, मला गोष्ट नकोय," हेल्का म्हणाली. "एक शब्द हवाय. सात नंबर जळालाय की नाही?"

"एका शब्दात आग मावत नाही, पोरी. बस. कॉफी घे."

ती बसली नाही. संशोधन केंद्रावर येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि अजून ती कुठेच नीट बसली नव्हती. हातात यादी होती. पालोमाकीच्या टेकडीवर आम्ही प्रयोगासाठी आखलेले जंगलाचे अकरा तुकडे आहेत. जे जळालेत ते यादीतून बाद, जे उरलेत त्यांचं काम पुढच्या उन्हाळ्यात नव्यानं सुरू व्हायचं होतं. दहांपुढे तिनं जळाल्याच्या खुणा केल्या होत्या. साताची जागा रिकामी.

"पाच वाजता यादी पाठवायचीय," ती म्हणाली. "गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, आर्मासची आग कौकोला विचार."

"मग बरोबर माणसाकडे आलीस," ट्रॅक्टरवाला पेंट्टी कोपऱ्यातून म्हणाला. "फक्त घड्याळ काढून ठेव."

पेंट्टीकडे लक्ष न देता मी सुरुवात केली.

आर्मास म्हणजे तू आज ज्या खुर्चीत बसतेस, त्या खुर्चीतला माणूस. बत्तीस उन्हाळे त्यानं एकच काम केलं. सकाळी दहाला टेकडीवर जायचं, जमिनीवरचं शेवाळ कापून पत्र्याच्या डब्यांत भरायचं, खाली आणून वजन करायचं, भट्टीत वाळवायचं, दोन वाजता पुन्हा वजन करायचं. किती पाणी उडालं त्यावरून एक आकडा निघायचा. पंचविसाच्या खाली आला तर पेटवा, वर असला तर घरी जा. हेलसिंकीहून मोठमोठे डॉक्टर यायचे, वणव्यानंतर जंगल कसं उठतं यावर जाडजाड पुस्तकं लिहिलेले. दोन वाजले की ते सगळे त्याच्या काट्याभोवती असे उभे राहायचे, जशी प्रसूतिगृहाबाहेर नवरेमंडळी. आर्मास चष्मा पुसणार, आकडा वाचणार, पुन्हा चष्मा पुसणार.

एकदा टीव्हीवाले घेऊन मंत्री आला होता. आकडा आला सव्वीस.

"सव्वीस म्हणजे पंचवीसच की हो," मंत्री म्हणाला.

"सव्वीस म्हणजे सव्वीस," आर्मास म्हणाला.

मंत्र्यानं सॉसेज खाल्लं आणि गेला. त्या सॉसेजची लांबी...

"काका, सात नंबर," हेल्का म्हणाली.

येतोय, येतोय. सात नंबर आर्मासचा होता. म्हणजे कागदावर नव्हे, कागदावर तो सरकारचा. त्याची आई त्या उतारावर लहानपणी गुरं राखायची. तिच्या आज्यानं तिथलं रान जाळून राय नावाचं धान्य पेरलं होतं आणि त्या राखेतून निळी-जांभळी फुलं उगवली होती, एवढीएवढीशी. एक-दोन उन्हाळे आली आणि गेली. ते बी जमिनीत निजून राहतं. शंभर वर्षं म्हण, जास्त म्हण. वरून आग गेली की ऊब लागून फुटतं, नाहीतर निजलेलंच. आईनं मरेपर्यंत त्या फुलांबद्दल सांगितलं. आर्मासनं ती कधी पाहिली नव्हती. डॉक्टरांच्या मागे लागून लागून त्यानं तो तुकडा प्रयोगात घालायला लावला. बत्तीस वर्षांत त्यानं कुणाकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

आणि बाकीचे दहा जळाले, सात राहिला. एका वर्षी पाऊस, एका वर्षी वारा उलटा, एका वर्षी नेमक्या त्याच दिवशी खालच्या रस्त्यावर सायकलींची शर्यत. असं करत करत शेवटचा उन्हाळा आला. चार वर्षांपूर्वीचा. एकतीस जुलैला आर्मास निवृत्त होणार होता आणि जाळायचा परवानाही त्याच दिवशी संपत होता.

तो जुलै काय सांगू! कुणाचंच बूड ठिकाणावर नव्हतं. मी पंपावरचा माणूस. रोज सकाळी तळ्यात नळी सोडायची, पंप चालू करायचा, पाणी टेकडीपर्यंत पोचतंय बघायचं, आणि दुपारी आकडा ऐकून सगळं गुंडाळायचं. बत्तीस. एकोणतीस. एकतीस. एकदा सत्तावीस आला तर पेंट्टीनं ट्रॅक्टर चालूच केला.

"केला होता," पेंट्टी म्हणाला. "ते खरंय."

"बाकीचंही खरंय."

"मी कुठे काय म्हटलं?"

आर्मास मात्र वरून शांत. पण मला दिसायचं. जेवताना तो ब्रेड चिमटीत धरून दाबायचा, शेवाळ दाबावं तसा. अंदाज सांगायला लागले की रेडिओ बंद करायचा, मिनिटभरानं स्वतःच लावायचा. एकदा मी पंपाला तेल देत होतो, तर मागे येऊन उभा.

"कौको, तुझा गुडघा काय म्हणतोय?"

माझा गुडघा पावसाचा अंदाज सांगतो म्हणून बत्तीस वर्षं त्यानं माझी टिंगल केली होती. आणि आता विचारत होता.

"गुडघा म्हणतोय, कोरडं राहील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धो धो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी, म्हणजे एकतीसला, आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा बरोबर नैर्ऋत्येचा, हवा तापलेली. सगळं जमलं होतं. फक्त शेवाळानं पाणी पिऊन ठेवलं होतं.

दहाला आर्मास वर गेला. साडेअकराला डबे घेऊन खाली आला, काट्याशेजारी ठेवले, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या बाईंनी त्याला हाक मारली. निरोपाच्या केकवर नाव कसं लिहायचं, असलं काहीतरी. आणि तिकडे त्याच्याच निरोपासाठी सौना, आपली वाफेची खोली, सकाळपासून तापत ठेवलेली. आता सांग पोरी, तू काय केलं असतंस?

"मी काहीच केलं नसतं," हेल्का म्हणाली.

मी डबे उचलले, सौनात नेले, सगळ्यात वरच्या फळीवर मांडले, झाकणं उघडली. वीस मिनिटं. मीही आत बसलो, कपड्यांसकट, म्हटलं एकट्या शेवाळाला कंटाळा येईल. मग झाकणं लावून, गार पाण्याच्या फडक्यानं डबे पुसून, होते तिथे ठेवले. एक इंच इकडेतिकडे नाही.

दोन वाजले. चष्मा पुसला. आकडा वाचला. पुन्हा पुसला.

बावीस.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आर्मासनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं डबा नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, फार सुंदर दृश्य होतं. त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला. तासाभरानं परत आला.

"तासभर कुठे गेले होते?" हेल्कानं विचारलं.

"लघवीला."

"तासभर?"

"वय झालेलं गं. आणि मनात भावना दाटलेल्या."

पेंट्टी हसला. हेल्का हसली नाही. पण शेवटी ती खुर्चीच्या कडेवर बसली, यादी गुडघ्यांवर घेऊन.

तर परत आला आणि म्हणाला, "पेटवा." बस, एवढंच. आणि पोरी, अशी आग मी जन्मात पाहिलेली नाही. पाइनच्या बुंध्यांमधून अशी चालत गेली, जशी चर्चमध्ये उशिरा आलेली बाई, कुणाला धक्का न लावता, पण सगळ्यांना दिसेल अशी. खालचं शेवाळ, झुडपं, पडकी लाकडं, सगळं नीट खाल्लं आणि मोठ्या झाडांना हातही लावला नाही. धूर सरहद्दीपर्यंत गेला. तासाभरात ते काळे भुंगे आले, जळत्या लाकडाच्या वासावर येतात ते. रशियातून आले, पासपोर्टाशिवाय. एक माझ्या मानेला चावला, त्याचा उच्चारच वेगळा होता. आणि माझ्या पंपानं इतक्या जोरात पाणी ओढलं की नळीतून एक पाइक मासा उडाला, आगीवरून गेला आणि पेंट्टीच्या हातात पडला तो भाजूनच.

"मीठ कमी होतं," पेंट्टी म्हणाला.

आर्मास उताराच्या वर उभा होता. सगळं विझल्यावर त्यानं राखेवर हात ठेवला. किती वेळ! भाजेल म्हणून मी ओरडलो तर म्हणाला, "ओरडू नकोस, आत काहीतरी निजलंय."

पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं वर गेलो. राख पावसानं खाली बसली होती आणि त्या काळ्यावर, अगं, जिकडे पाहावं तिकडे निळं. जांभळट निळं. एवढीएवढीशी फुलं. आर्मासला गुडघे टेकायचे होते पण कुठे टेकणार? जागाच नव्हती. शेवटी एका ओंडक्यावर बसला. डब्यातून ब्रेड काढला, अर्धा मला दिला, आणि खाताना एकदाही दाबून पाहिला नाही. म्हणाला, "आई म्हणायची त्यापेक्षा जरा फिकट आहेत."

पेंट्टी उठला. किटली भरलेली असताना त्यानं नळ सोडला, आणि पाठमोरा तसाच उभा राहिला.

"तर लिही," मी हेल्काला म्हणालो. "साताच्या पुढे खूण कर. एकतीस जुलै, नैर्ऋत्येचा वारा, आकडा बावीस. हवं तर मी सही करतो."

तिनं पेन उचललं. मग परत खाली ठेवलं.

"आर्मासकाका कधी गेले?"

"मग गेला. फुलं पाहिल्यावर. शरदात कधीतरी."

"दफ्तरात मार्च लिहिलंय. त्याच हिवाळ्यातला."

"दफ्तरं काय, कुणीही लिहितं."

"मी आज सकाळी सात नंबरवर गेले होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट हळू झाला होता. "गावभर आर्मासची आग ऐकत होते, म्हणून मला वाटलं, माझीच जागा चुकली. म्हणून तुम्हाला विचारायला आले. पण जागा बरोबर होती. एकाही पाइनला काळा डाग नाही. शेवाळात हात घातला तर मनगटाच्या वर गेला. चार वर्षांत एवढं वाढत नाही, काका, चाळीस वर्षंही कमी पडतील."

नळ बंद झाला. पेंट्टी वळला नाही.

"खोटं सांगताय तुम्ही. सात नंबर पेटलाच नाही. त्यांनी तुमचं सौनातलं शेवाळ टाकून दिलं आणि ते पुन्हा वर गेले. नव्या शेवाळाचा आकडा पंचविसाच्या वर आला असणार. जिथून शेवाळ कापलंय, तिथे त्यांनी तारखांच्या खुंट्या मारल्यात. खड्डे अजून भरलेले नाहीत, मी मोजलेत. रोजचे पाच चौकोन, जुलैभर. एकतीस तारखेच्या खुंटीपाशी पाच आहेत, आणि त्यांच्या शेजारी आणखी पाच. कडा तितक्याच सरळ."