कागदावरचं नाव

नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या एका कंपनीत धम्मानंद मेश्राम स्टोअर सांभाळायचा. मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत असताना त्याच्या फोनवर कामिनीनं डब्या शोधणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये टाकलेला फोटो आला. काळ्या दगडावर एक छोटी स्टीलची डबी, शेजारी बोटभर रुंदीचा कागद आणि कागदावर निळ्या शाईत दोन नावं. पहिलं कामिनीचं, दुसरं जितेंद्रचं. बाकी कागद कोरा.

खाली तिनं लिहिलं होतं, "काटोल रोडची विहीर. झाली एकदाची."

ग्रुपमधल्या चौतीसपैकी वीस जणांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मग तिचाच दुसरा मेसेज आला. "धम्मानंददादा, तुमचं नाव नाही दिसलं कागदावर. मधे कागद बदलला होता का?"

धम्मानंदचा घास हातातच राहिला. दोन मिनिटं विचार करून त्यानं लिहिलं, "हो. माझं जुन्या कागदावर आहे." मग डबा तसाच बंद केला.

खेळ साधा होता. कोणीतरी एक डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत वेबसाइटवर टाकायचा. बाकीच्यांनी फोन घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची, डबी होती तिथे ठेवायची आणि वेबसाइटवर 'सापडली' अशी नोंद करायची. बक्षीस नाही, पैसा नाही. नावापुढे आकडा वाढतो, एवढंच. धम्मानंदच्या नावापुढे चारशे बारा होते आणि नागपुरात त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

अकरा वर्षं तो आणि जितेंद्र दर रविवारी मोटरसायकलवर निघायचे. जितेंद्रचं इतवारीत भांड्यांचं दुकान. माणूस एकशे दोन किलोचा, मंद चालीचा, स्वभावानं थंड. धम्मानंद झाडावर चढायचा, पुलाखाली सरपटायचा, आणि जितेंद्र खाली किंवा वर उभा राहून दोर धरायचा, पाण्याची बाटली द्यायचा. डबी हातात आली की धम्मानंद कागदावर दोघांची नावं लिहून टाकायचा. जितेंद्रच्याही नावापुढे त्यामुळे चारशेच्या जवळपास झाले होते.

काटोल रोडच्या त्या विहिरीनं मात्र त्यांना दमवलं होतं. एका इंजिनिअरनं नागपूर सोडून जायच्या आधी शेताचे मालक बाबाराव यांना विचारून ती डबी तिथे ठेवली होती. कोरडी, दगडी बांधणीची विहीर. वीसेक फूट खाली भिंतीत एक कोनाडा आणि त्यात डबी. वरच्या बाजूचे पायरीचे दगड निखळलेले, त्यामुळे उतरायला धड जागा नाही. दोघं तीनदा गेले. तिसऱ्या वेळी धम्मानंदनं काठावर पालथं पडून दोन बांबू जोडून खाली सोडले. बांबूचं टोक डबीला लागलं आणि टंग असा आवाज आला. डबी हलली, पण निघाली नाही.

परतताना फेटरीला चहा पिता पिता त्यानं वेबसाइटवर 'सापडली' लिहिलं. जितेंद्रनं ते पाहिलं.

"सही कुठं केली?" त्यानं विचारलं.

"बांबू लागला ना. लागला म्हणजे सापडलीच," धम्मानंद म्हणाला.

जितेंद्रनं चहा संपवला. नंतर दोन वर्षांत त्यानं तो विषय कधीच काढला नाही, आणि या दोन वर्षांत त्या विहिरीत दुसरं कोणी उतरलंही नाही.

मग गेल्या वर्षी कामिनी आली. एकतिशीची, मूळची काटोलची, मिहानमध्येच एका आयटी कंपनीत नोकरीला. कॉलेजात असताना पचमढीला दोरावर चढण्या-उतरण्याचा कोर्स केलेला. पहिल्याच महिन्यात तिनं तीस डब्या काढल्या. धम्मानंदला तेव्हा कौतुक वाटलं, ग्रुपमध्ये त्यानं तिला 'शाबास' असंही लिहिलं. पुढे त्याच्या रविवारच्या ड्युट्या वाढल्या आणि एक दिवस जितेंद्र म्हणाला, "तू नाहीस तं मी कामिनीसोबत जाऊन येतो." धम्मानंद म्हणाला, "जा ना, मले काय." नंतर ड्युट्या कमी झाल्या तरी जितेंद्र महिन्यातले दोन रविवार तिच्यासोबतच जायचा.

तेव्हापासून धम्मानंदला एक सवय लागली. सकाळी उठला की चहाच्या आधी तो कामिनीचा आकडा पाहायचा. एकशे चाळीस. एकशे बावन्न. मग तिच्या फोटोंमध्ये मागे कुठे जितेंद्र दिसतो का ते बोटांनी मोठं करून पाहायचा. एका फोटोत जितेंद्र तोंड वर करून हसत होता. इतका हसताना धम्मानंदनं त्याला अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कोणाचे फोटो पाहून राहिले रोज सकाळी?" त्याची बायको माया एकदा म्हणाली.

"कोणाचेच नाई," तो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर तिला ते बाईच्या नादापेक्षा वेडगळ वाटलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी न जाता सरळ इतवारीत गेला. हातगाड्या आणि टेंपोंतून गाडी काढत दुकानापर्यंत पोचला तेव्हा जितेंद्र एका गिऱ्हाइकाला कुकरचं झाकण बसवून दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत धम्मानंद परातींच्या ढिगाजवळ उभा राहिला.

"मले न सांगता गेला तू," तो म्हणाला.

"तुले सांगतलं असतं तं तू म्हणला असता, माझी झाली आहे, कायले जाता."

"तिनं ग्रुपवर विचारलं मुद्दाम. तू सांगतलं तिले."

"मी काहीच नाई सांगतलं. कागदावर तुझं नाव नव्हतं, तिनं विचारलं." जितेंद्रनं कुकर परत खोक्यात ठेवला. "आणि कागद कोणी बदलला म्हणतोस, धम्मा?"

धम्मानंदनं ढिगातली वरची परात उगाच सरळ केली. मग म्हणाला, "आणि तुझं नाव कसं कागदावर? वरतून दोर धरला म्हणून?"

"मी उतरलो."

"तू? स्टुलावर चढून माळ्यावरचं पातेलं काढणं होत नाई तुझ्यानं."

"उतरलो," जितेंद्र म्हणाला. "बाबारावले विचार."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि जितेंद्र तिकडे वळला.

पुढचे चार दिवस धम्मानंदच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ग्रुपमध्ये आपण जे लिहिलं ते खरं करून दाखवायचं, असं त्यानं ठरवलं. शनिवारी दुपारी माया बहिणीकडे गेली असताना त्यानं कागदाची एक पट्टी कापली, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, दोनदा चुरगळली आणि तिच्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून स्वतःचं नाव लिहिलं. ही पट्टी डबीत तळाशी ठेवायची, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. 'जुना कागद तळाशीच होता, कामिनी, नीट पाहिला नाहीस.' हे वाक्यसुद्धा त्यानं मनात तयार ठेवलं.

रविवारी सकाळी आठ वाजता तो विहिरीवर पोचला. बाबाराव बांधावरच भेटले. सत्तरीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"आज एकलेच?" त्यांनी विचारलं. "मागच्या आठवड्यात तुमचा तो जाडा दोस्त आला होता. पोरीनं कमरेले पट्टे बांधून देले त्याले, आन् उतरला ना गा तो. अर्धा घंटा लागला. वर आला तं लहान लेकरावानी हसून राहिला होता."

धम्मानंदला ते ऐकवेना. त्यानं विहिरीजवळच्या कडुनिंबाला दोर बांधला, ठिकठिकाणी गाठी मारल्या आणि बाबाराव "पट्टे नाई का?" विचारत असतानाच खाली उतरू लागला.

सत्तेचाळीसाव्या वर्षी हात पूर्वीसारखे राहिलेले नव्हते. कोनाड्यापर्यंत पोचेस्तोवर तळवे सोलून निघाले. कोनाड्याखाली एक दगड हातभर बाहेर आलेला होता, त्यावर तो पाय टेकून उभा राहिला आणि दोन वर्षांनी ती डबी पहिल्यांदा त्याच्या हातात आली. त्यानं आपली पट्टी तळाशी घातली, वर कामिनीचा कागद ठेवला, फोटो काढला. फोन खिशात ठेवताना हात घामानं ओला होता. फोन निसटला, भिंतीवर दोनदा आपटला आणि तळातल्या पाचोळ्यात जाऊन पडला.

त्यानं वर चढायचा प्रयत्न केला. तीन गाठी चढला आणि दंडात गोळा आला. पुन्हा दगडावर उतरला. पुन्हा चढला, या वेळी दोनच गाठी. तिसऱ्यांदा हात वर उचललाच जाईना.

"बाबाराव," त्यानं हाक मारली.

काठावरून म्हाताऱ्याचं डोकं डोकावलं. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "थांबा. त्या जाड्या दोस्तानं नंबर देला हाये मले. त्यालेच लावतो फोन."

"त्याले नको," धम्मानंद म्हणाला.

"मंग कोणाले लावू?"

धम्मानंदला दुसरं नाव सुचलं नाही.

नागपूरहून यायला जितेंद्र आणि कामिनीला सव्वा तास लागला. तेवढा वेळ तो भिंतीला पाठ लावून त्या दगडावर उभा होता. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यानं डबी पुन्हा उघडली. कामिनीचं अक्षर गोल, ठसठशीत. जितेंद्रचं नाव त्यानं आता नीट पाहिलं. 'जि'ची वेलांटी दोनदा गिरवलेली, 'द्र' ओळीच्या बाहेर गेलेला. दगडावर तोल सांभाळत लिहिलं असणार. हे अक्षर आपण ओळखत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. चारशे कागदांवर जितेंद्रचं नाव त्यानंच लिहिलं होतं. "तू वरच थांब," असं म्हणायचा तो दर वेळी. जितेंद्र थांबायचा. त्याला यायचंय का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कामिनीनं बहुधा पहिल्याच महिन्यात विचारलं असेल.

त्याला तिचा भयंकर राग आला. मग कळलं, की राग येण्यासारखं तिनं काही केलेलं नाही, आणि त्यामुळे तर तो आणखीच वाढला.

वर गाडीचं दार वाजलं तसं त्यानं घाईनं तळाची पट्टी काढून शर्टाच्या खिशात घातली. फार विचार करून नव्हे. आता कोणीतरी खाली उतरणार, डबी पाहणार, या भीतीनं. मग पेन काढून त्यानं जितेंद्रच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली.

कामिनी खाली आली. तिनं काही न विचारता त्याच्या कमरेला पट्टे आवळले, बकल दोनदा ओढून पाहिलं.

"सही केली का दादा?"

"केली. पण वर जायले तुमची मदत लागून राहिली. मोजायची का ही?"

"वर कसे गेले ते कागदावर लिहायचं नसते ना," ती म्हणाली. "नाव आहे, म्हणजे सापडली."

जितेंद्र आणि बाबारावांनी मिळून त्याला वर घेतलं. कामिनी तळाशी जाऊन फोनही घेऊन आली. "काच गेली, पण चालू आहे," म्हणत तिनं तो त्याच्या हातात दिला. फोनला लॉक नव्हतं; पडद्यावर मघाचा फोटो तसाच उघडा होता, चहाच्या रंगाची पट्टी आणि तिच्यावरची तारीख. तिनं तो पाहिला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती सामान आवरायला गाडीकडे गेली.

धम्मानंदनं खिशातली पट्टी काढून जितेंद्रला दिली. जितेंद्रनं ती वाचली, उलटी करून पाहिली.

"चहात बुडवली का?"

"हाव."

"त्या दिवशी फेटरीलेच म्हणायले पाहिजे होतं मी," जितेंद्र म्हणाला. "नाई म्हटलं. तुले वाईट वाटंल म्हणून."

"मी आज रात्री जुनी नोंद काढून टाकतो."

"काढ. ग्रुपवर लिहशील?"

"लिहितो."

जितेंद्रनं पट्टीचे चार तुकडे केले आणि मूठ मिटून घेतली. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी आम्ही रामटेककडे चाललो. येतो का?"

'आम्ही' हा शब्द धम्मानंदच्या कानात काट्यासारखा रुतला. त्यानं सोललेले तळवे पँटीला पुसले. कामिनी दोर गुंडाळत होती आणि जितेंद्र तिकडे जाऊन, तिनं न सांगता, दोराचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

घरी आल्यावर त्यानं जुनी नोंद काढली आणि नवी घातली. आकडा चारशे बाराच राहिला. ग्रुपमध्ये लिहिलं, 'विहिरीत माझी सही आज पहिल्यांदा झाली. आधीची नोंद खोटी होती. पहिला मान कामिनी आणि जितेंद्रचा.' हे वाक्य लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. तीन-चार जणांनी अंगठे टाकले, एकानं काहीतरी खोचक लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याबद्दल बोललं नाही.

रविवारी तो रामटेकला गेला. कामिनीच्या गाडीत पुढे जितेंद्र बसला, मागे तो. मनसरपर्यंत ते दोघं, धम्मानंद सोबत नसताना काढलेल्या, कुठल्याशा झाडावरच्या डबीबद्दल बोलत होते. तो खिडकीबाहेर पाहत सगळं ऐकत होता, आणि त्याला ते सगळं लागत होतं. पण गाडी थांबवून उतरावं, असं काही त्याला वाटलं नाही.