नर्मदाच्या दातांची प्लेट

कासाबाईनं सून माहेरी आणून सोडली तेव्हा ती ओसरीवर टेकलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मुकी म्हणून करून नेली, अन् निघाली दातरी! इहीणबाई, आधी दात नीट करा, मग नांदवतो. पाडव्याला येऊन बघू."

वालूरमध्ये मनकर्णाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा बन्सीधर चिलीमसुद्धा तिला विचारून पेटवायचा. पण त्या दिवशी तिचीच बोलती बंद झाली. मुलगी बघायला आले तेव्हा तिनंच पोरीला दटावलं होतं, "ओठ मिटून बैस. इचारलं तर मान हलीव." पोरीनं मान हलवली, लग्न लागलं. सासरी आठवड्याच्या आत ती कशावरून तरी खळखळून हसली आणि झाकली मूठ उघडी पडली.

पोरीला सासर नकोसं असतं तर मनकर्णाबाईनं कासाबाईच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण नर्मदाला जायचं होतं. नवऱ्यानं, अंगदनं, पाथरीच्या बाजारातून तिला बत्ताशे आणले होते, विहिरीवर एकदा घागर उचलून दिली होती. एवढ्यावर पोर जीव टाकून बसली होती. पाथरीकडून जीप आली की हातातलं काम टाकून दारात यायची.

शेजारची लक्ष्मीबाई म्हणाली, "देवानं दिलेलं माणसानं मोडू नये, बाई."

"मग गुडघ्याला तेल कशाला चोळतीस? ते दुखणं बी देवानंच दिलंय," मनकर्णाबाई म्हणाली आणि पोरीला घेऊन परभणीला गेली.

तिथं दातांच्या डॉक्टरनं नर्मदाच्या तोंडात ओल्या चुन्यासारखं काहीतरी दाबून साचा घेतला आणि पुढं प्लेट करून दिली. काचेसारखी आरपार दिसणारी, टाळूला चिकटून बसणारी. पुढून दातांवरून एक बारीक तार. खाताना काढायची, बाकी दिवसरात्र तोंडात. दर महिन्याला डॉक्टर पकडीनं तार जराशी आवळायचा.

"थंड पाण्यानंच धुवायची," त्यानं बजावलं होतं.

मनकर्णाबाईला ते झोंबलं. "म्हंजे आमच्यात सरपण न्हाई असं वाटतंय व्हय ह्याला?" ती जिना उतरताना पुटपुटली.

पण प्लेटनं गुण दिला. पहिले काही दिवस पोर बोबडं बोलायची, लाळ गळायची, रात्री दाढा धरून बसायची. थंडी सरत आली तोवर दात इतके मागं सरले की तिचे ओठ आपोआप मिटायला लागले. वाटीतल्या पाण्यात प्लेट ठेवली की ती दिसायचीच नाही, नुसती तार दिसायची. मनकर्णाबाईनं येता-जाता त्या वाटीला हात जोडायचे तेवढे बाकी होते.

होळीच्या आधी भावकीतला भुजंग गेला. सुतक धरावं लागलं. सुतक फिटायच्या दिवशी मनकर्णाबाईनं घर उलटंपालटं केलं. मातीची मडकी फोडली, भिंती सारवल्या, कपड्यांसाठी अंगणात सोड्याच्या पाण्याचा हंडा चढवला. नर्मदा वाकळा धुवायला नदीवर गेली होती. वाकून आपटताना प्लेट पाण्यात पडंल म्हणून ती वाटीत काढून गेली होती.

मनकर्णाबाईची नजर वाटीवर गेली. सुतकाचे सगळे दिवस ही वस्तू पोरीच्या तोंडात होती. तशीच घेऊन ती सासरी नांदायला जाणार? नवा संसार अन् सुतकाची वस्तू? तिनं प्लेट उचलली आणि रटरटत्या हंड्यात सोडली.

चिमट्यानं बाहेर काढली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी कडेनं वळलेली होती.

नर्मदा डोक्यावर वाकळांचं ओझं घेऊन आली. तिनं प्लेट बघितली, ओझं तसंच खाली टाकलं. "आई, काय करून ठिवलंस हे?"

"काय झालं न्हाई. निवली की बसंल."

बसली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी परभणीची गाडी धरायला सेलूला गेल्या तर पुढच्या गाड्या बंद. स्टँडवर माणसांचे घोळके उभे होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ते अडवलेत. घरी जावा."

"काय नाव द्यायचं ते देऊन टाका की रे बाबा! माझ्या पोरीच्या तोंडात प्लेट न्हाई!"

 दोघी स्टँडच्या फरशीवर बसून राहिल्या आणि अंधार पडायच्या आत परत फिरल्या.

गाड्या सुरू झाल्यावर डॉक्टर भेटला. प्लेट उजेडाला धरून म्हणाला, "ही उकळली कुणी?"

"मी."

"नवा साचा घ्यावा लागेल. प्लेट बाहेरून करून येते. महिना तरी लागेल."

"पाडवा तोंडावर आलाय, डाक्टरसाहेब."

"बाई, दात पाडवा बघत नसतात. आता ते पुन्हा पुढं यायला लागणार."

आणि ते यायला लागले. नर्मदा आरशापुढून हलेना. मनकर्णाबाई चुलीपुढं पोरीला बसवून अंगठ्यानं दात मागं रेटायची. रेटून रेटून तिचा अंगठा बधिर व्हायचा. शेवटी तिनं ती वाकडी प्लेटच गरम पाण्यात मऊ केली, पाट्यावर दाबून सरळ केली आणि पोरीच्या टाळूला लावली. तार हिरडीत घुसली. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला तशी मनकर्णाबाईनं हात मागं घेतला.

"आणखी दाब," नर्मदा म्हणाली.

"रक्त यायलंय, नर्मदे."

"येऊ दे. दाब तू."

मनकर्णाबाईनं दाबलं.

पाडव्याला कासाबाई जीप करून आली. अंगद संगं होता, तो जीपपाशीच थांबला. कासाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सून पुढ्यात बसवली आणि बाजारात बैलाचं वय बघावं तसा अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. हिरड्या सुजून काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

"हे तर पयल्यापरीस वंगाळ! एवढे महिने काय केलं तुमी?"

मनकर्णाबाईच्या ओठावर उत्तर आलं. ते तिनं गिळलं. मग जिनं जन्मात कुणापुढं मान वाकवली नव्हती तिनं अंगणात, भावकीच्या देखत, पदर पसरला. "नवी प्लेट यायलीय, इहीणबाई. आखितीपर्यंत, एवढा महिनाभर, कड काढा. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

"अन् आखितीला काय निघंल? तिरळे डोळे?"

बघ्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मनकर्णाबाई पसरलेला पदर तसाच धरून जीपपाशी गेली.

"जावईबापू, तुमी सांगा. तुमाला ही पायजे का न्हाई?"

अंगद जीपच्या दाराची कडी खालीवर करत राहिला. "आई म्हणंल तसं," तो म्हणाला.

धुरळा उडवत जीप गेली. मनकर्णाबाई माघारी फिरली. असल्या नेभळटापायी पोरीच्या तोंडातून रक्त काढलं आपण! आता पोरीला स्वच्छ सांगायचं, टाक त्याचं नाव, असा गडी नसला तर काय अडलंय. सांगायचं सगळं जिभेवर तयार होतं.

नर्मदा न्हाणीपाशी मिठाच्या पाण्यानं चूळ भरत होती. तिनं तोंड पुसलं.

"आई, परभणीची पयली गाडी कधी हाय? प्लेट आली असंल तर बघून येऊ."

प्लेट इतक्यात येणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. मनकर्णाबाईनं पोरीच्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं. जिभेवरचं सगळं तिथंच विरलं.

"सकाळी सातला," ती म्हणाली.